सेंटरचं गॅदरिंग आणि बाबांचा टेम्पो

डिसेंबर लागला की मला अजून पहाटे टेम्पो घुरघुरल्याचा भास होतो. बाबांचा टेम्पो एरवी चिरे वाहायचा, सीझनला आंब्याच्या पेट्या, पण ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक अपंग दिनाच्या, जवळचा रविवार तो सेंटरच्या गॅदरिंगचा. आदल्या रात्री मी आणि भाऊ पाईप लावून लाल माती धुवायचो, मग आत दोन गाद्या, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बांधायला सुंभ.

सेंटर म्हणजे आमच्याकडे, वेंगुर्ल्याच्या बाजूला, चर्चच्या आवारात सिस्टर लोकांनी चालवलेलं अपंगांसाठीचं केंद्र. फिजिओथेरपी, पायाला आधार देणारं कॅलिपर, कानाची मशीन, मुलांना बोलायला शिकवणं, सर्टिफिकेटचे फॉर्म भरून देणं, सगळं फुकट. येणारे बहुतेक आमच्यासारखे हिंदूच, थोडे कॅथलिक, थोडे मुसलमान, कुणी कुणाला विचारायचं नाही. पण फुकट असलं तरी तिथवर पोचायचं कसं हाच खरा घोळ होता. कोकणात घरं बघा ना, रस्ता संपतो आणि मग पाखाडी सुरू होते, चिऱ्याच्या पायऱ्या, शेवाळ, मधेच व्हाळ, म्हणजे ओढा. व्हीलचेअर मिळाली तरी ती वर्षभर पडवीत, तिच्यावर कोकमं सुकायला. एसटीत अपंगांना ७५ टक्के सवलत आहे, पण लाल डब्याची पहिली पायरीच गुडघ्याएवढी, पास खिशात ठेवून माणूस स्टॉपवरच राहायचा. त्यामुळे बऱ्याच जणांचं वर्षातून एकदा घराबाहेर पडणं म्हणजे हे गॅदरिंगच.

म्हणून आमची सकाळ पाखाड्या चढण्यात जायची. एक काकी होती, लहानपणी पोलिओ झालेली, तिला खुर्चीत बसवून चार पोरं खाली आणायची आणि ती वरून ऑर्डरी सोडायची, डावीकडे दगड हलतोय, साडी अडकली, जरा हळू. नवी साडी, केसात अबोली. टेम्पोत बसली की पहिला प्रश्न, गेल्या वर्षीचं कोण कोण येणार आणि कोण गेलं.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना, आटपली की कार्यक्रम सुरू. सिस्टर केरळच्या, मराठी तुटकं पण जोरात, दरवर्षी भाषणात सांगायच्या की १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस जाहीर केला वगैरे, आणि मागे सगळे गप्पा मारत असायचे कारण वर्षभराच्या गजाली साचलेल्या. पाहुण्यांच्या भाषणांबद्दल न लिहिलेलंच बरं, त्यांना फोटो काढून पुढच्या कार्यक्रमाला पळायचं असायचं. ऐकू न येणाऱ्या मुलांचा डान्स मात्र सगळे बघायचे, लाकडी स्टेजवर ढोल टेकवून वाजवायचे, मुलं अनवाणी, ठोका पायातून घ्यायची. संपल्यावर टाळ्या नाहीत, दोन्ही हात वर करून हलवायचे.

संगीत खुर्चीचं भांडण तर ठरलेलंच. एका वर्षी कुणीतरी सगळ्यांना एकत्र उतरवलं, आणि व्हीलचेअरवाला एक पोरगा गाणं थांबलं की नुसता हसायचा, म्हणाला मी आधीच बसलोय, मला कसं आऊट करणार? परीक्षक म्हणून आमचे ड्रॉइंगचे सर होते, ते पार गोंधळले, शेवटी त्याला पहिला नंबर दिला आणि कुबडीवाल्या दोघांनी जेवताना सुद्धा सरांचं डोकं खाल्लं. वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ असायची, कॅथलिक बायका नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आधीच करून आणायच्या.

पण मला सगळ्यात लक्षात राहिले ते एक आजोबा. शुगरमुळे त्यांचा गुडघ्याखालचा पाय काढलेला. आधी कॅम्पमध्ये माप घेऊन गेले होते आणि गॅदरिंगला जयपूर फूट आले. सकाळपासून ते एकच विचारत होते, "सिस्टर, माजो पाय खंय?" हा पाय १९६८ च्या सुमाराला जयपूरला डॉ. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी बनवला, रबराचा, बुटाशिवाय चालतो, मांडी घालता येते, चिखलात उतरता येतं, म्हणजे आमच्या भातशेतीच्या माणसाला असाच पाय हवा. बूट घालूनच वापरायचा पाय घेऊन इकडचा माणूस करणार काय?

दुपारी दशावताराचा छोटा खेळ होता, सेंटरच्याच मोठ्या मुलांचा. चर्चच्या आवारात पेटी मृदंग सुरू, गणपती आला, सिस्टर पहिल्या रांगेत हात जोडून बसलेल्या. आजोबा नवा पाय लावून बारला धरून चालायची प्रॅक्टिस करत होते, ते गणपती दिसल्यावर तसेच स्टेजकडे आले, कठड्याला धरून उभे राहिले, आणि खाली वाकून आधी स्वतःच्या पायातली चप्पल काढली, मग रबरी पायातली. दोन्ही नीट जोडीने बाजूला ठेवली. मग नमस्कार. मी ताटं घेऊन तिथेच उभी, कुणीतरी ओरडलं की पोरी उसळ सांडतेय.

मागून खेळातला संकासुर राक्षस आला आणि पोरं किंचाळत सुटली.

संध्याकाळी परत तोच टेम्पो, तीच पाखाडी, आता बॅटरीच्या उजेडात. काकी खुर्चीत, मांडीवर नेवऱ्यांचा डबा, चढणारी चारही पोरं घामाघूम. वर पोचल्यावर कुणाचे आभार वगैरे नाही, पडवीत बसल्या बसल्या मला जवळ बोलवून उचलणाऱ्या पोरांबद्दल म्हणाली, "गेल्या वर्साचे झील बरे होते गे, हे लय हालयतत. बापाशीक सांग, फुडल्या वर्साक तेंकाच हाड."