खांद्याखाली चार बोटं

टूथब्रशची दांडी करवतीनं अर्धी कापून नेणारी माणसं मी पाहिली आहेत. लांब पल्ल्याच्या भटक्यांमध्ये हा एक पंथच आहे. कपड्यांची लेबलं उसवायची, नकाशाच्या कोऱ्या कडा कातरायच्या, सॅकचे लोंबणारे पट्टे आखूड करायचे आणि मग सगळं काट्यावर ठेवून समाधानानं मान हलवायची. मी या पंथाची अर्धवट अनुयायी आहे. लेबलं उसवते, ब्रशला हात लावत नाही. पण इतकी काटछाट करून निघालेली बाई डोक्यावर काय वाहून नेते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. मी मांडला. पहिल्यांदा कापलेली वेणी घरी आणून काट्यावर ठेवली, तर दोन रबरबँड धरून 80 ग्रॅम भरली. तीही कोरडी. केस आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी नुसतं आत शोषून घेतात. बटांच्या मध्ये अडकून राहतं ते वेगळं.

अर्थात ग्रॅमच मोजायचे तर ते चपलांच्या जादा जोडात जास्त असतात. 1955 साली 67 वर्षांची एमा गेटवूड खांद्यावर घरी शिवलेली पिशवी टाकून, तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा घेऊन अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल ही डोंगरवाट पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत एकटी चालली. तेव्हा ती वाट तीन हजार किलोमीटरच्या वर होती. तिच्यापुढे आमच्या काटछाटीची काय मिजास! केसांचा प्रश्न वजनाचा नाहीच. तो संध्याकाळी साडेसहाला, बोटं गारठलेली असताना, तंबूच्या दारात बसून सोडवायचा प्रश्न आहे.

पहिल्या मोठ्या वाटेवर मी कमरेपर्यंत केस घेऊन गेले होते. हिशेब सरळ होता. लांब केस बांधता येतात. एकदा बांधले की विषय संपला. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सॅकमध्ये असतं. पाठीवर मधोमध सोडलेली वेणी पाठ आणि सॅक यांच्यामध्ये सापडते आणि दिवसाला तीस-पस्तीस हजार पावलं घासली जाते. त्यात घाम. पाचव्या दिवशी मानेवर हात नेला तर तिथं केस नव्हते, नमदा होता. बोटाच्या पेराएवढा जाड, दमट, घोंगडीच्या तुकड्यासारखा. तो सोडवायला दीड तास लागला आणि त्या दीड तासात मी सगळ्या साधुपुरुषांच्या जटांकडे नव्या आदरानं बघायला शिकले.

मग अंबाडा. वर बांधला की टोपी बसत नाही. खाली बांधला तर सॅकचं वरचं झाकण त्याला मागून ढोसतं आणि मान पुढे झुकते. सगळा डोंगर मी अपराध्यासारखी जमिनीकडे बघत चढले. शेवटी शाळेतल्या मुलीसारख्या दोन वेण्या घालून त्या पुढे घेतल्या. हा उपाय चांगला आहे, आजही माझं मत तेच आहे. फक्त छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल लावताना खाली बघायचं. मी एकदा बघितलं नाही. आणि रात्री स्लीपिंग बॅगची चेन ओढताना तर बघून उपयोगच नसतो. अंधारात चेन आणि बट यांचं जे काही जमतं, ते पहाटे कात्रीनंच तोडावं लागतं.

तिथून परत आल्या आल्या बॉयकट केला. आईनं दार उघडलं, माझ्या सोललेल्या नाकाकडे आणि लंगडणाऱ्या पायाकडे पाहिलं आणि मग दोन दिवसांनी मी केस कापून आल्यावर विचारलं, "आता हे वाढायला किती दिवस लागतील?" पायाबद्दल तिनं अजून विचारलेलं नाही.

बॉयकटचं सुख मात्र खरं आहे आणि ते नुसतं सांगून कळत नाही. ओढ्यात डोकं बुडवायचं, रुमालानं खसाखसा पुसायचं, चालू पडायचं. दहा मिनिटांत कोरडं. फणी नको, रबरबँड नको, आणि साबण नेला तरी नखाएवढा पुरतो. साबण विघटनशील असला तरी पाण्यापासून 60 मीटर लांब जाऊन वापरायचा असतो. लांब केस धुवायचे तर तितक्या लांब बादलीभर पाणी कोण वाहणार? छोट्या केसांना एक बाटली बस्स होते. लोकांनी भीती घातली होती की डोक्यातूनच शरीराची अर्धी उष्णता निघून जाते, गारठशील. तसं काही नसतं. डोकं शरीराच्या दहाव्या हिश्शाएवढं, आणि उष्णताही साधारण त्याच हिशेबानं जाते. लोकरीची टोपी घातली की तेवढ्याची सोय होते. खरा फटका मानेला बसला. जिथं वर्षानुवर्षं ऊन पोचलं नव्हतं, तिथली कातडी दोन दिवसांत टोमॅटोसारखी झाली.

आणि मग दुसरा महिना लागला.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. घरी आपल्याला हे कळत नाही, कारण घरी आरसा असतो, कात्री असते, रविवार असतो. पाच महिन्यांच्या वाटेवर याचा अर्थ पाच-सहा सेंटिमीटर, आणि आखूड केसांना एवढं अंतर म्हणजे जन्म बदलण्यासारखं आहे. बॉयकट हा केसांचा प्रकार नसून एक कालावधी आहे, हे मला सव्वाचारशे किलोमीटरनंतर कळलं. पहिल्या महिन्यात मी राजपुत्र होते. तिसऱ्या महिन्यात कानावर न बसणाऱ्या, कानामागे न राहणाऱ्या, नेमक्या डोळ्यांत जाणाऱ्या झिपऱ्या. दोन्ही हातांत काठ्या, समोरून वारा, आणि एक बट नाकपुडीत. फुंकर मारून ती हलत नाही. बारा पिना घेऊन निघाले होते, चार उरल्या, त्यातली एक तंबूच्या फाटलेल्या जाळीला लावलेली. शेवटी एका सोबतिणीनं प्रथमोपचाराच्या पेटीतल्या कात्रीनं माझे केस कापले. ती मन लावून कापत होती आणि मध्येच एकदा "अरे बापरे" म्हणाली. मी आरसा मागितला नाही.

म्हणून कुणी विचारलं, "किती लांब ठेवू गं?" तर मी आधी विचारते, "किती महिने चालणार आहेस?" अमेरिकेतल्याच पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलसारखी सव्वाचार हजार किलोमीटरची वाट असेल तर पहिल्या दिवशीची लांबी बघून काही कळत नाही. चौथ्या महिन्यात ते कुठे पोचतील ते बघायचं. पंधरा दिवसांची वाट असेल तर काहीही चालतं. हनुवटी ते खांदा यांच्यामधलं सोडून काहीही. ती लांबी बांधायला आखूड आणि मोकळी सोडायला लांब. निम्मे केस रबरबँडमध्ये येतात, निम्मे मानेवर चिकटतात. वाटेवर तिला माफी नाही.

एका मैत्रिणीनं या सगळ्याला कंटाळून चकोट केला. मला हेवा वाटला, पण तो चार दिवसच टिकला. भुवयांशिवाय घाम अडवायला काही उरलं नाही, तो थेट डोळ्यांत. डोक्याला रोज तीनदा सनस्क्रीन, आणि त्यावर धूळ बसून तयार होणारा लेप. आपल्याला केस नुसते शोभेला दिलेले नाहीत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी तापवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर वेगवेगळ्या केसांचे टोप चढवून वर दिव्यांचं ऊन पाडलं होतं. टकलापेक्षा कुठलेही केस बरे, आणि उन्हापासून सगळ्यांत जास्त वाचवतात ते बारीक कुरळे, असं निघालं. माझी दुसरी एक सोबतीण तशाच दाट कुरळ्या केसांची. निघण्याच्या आदल्या दिवशी तिनं डोकंभर बारीक वेण्या घालून घेतल्या आणि मग पंधरा दिवस केसांचा विषय काढला नाही. आम्ही सरळ केसवाल्या रोज सकाळी तिच्यासमोर बसून गुंते सोडवायचो आणि ती शांतपणे कॉफी प्यायची. फक्त वेण्या फार आवळून बांधू नकोस, असं तिला मीही सांगितलं. कपाळाकडचे केस सतत ओढले गेले की मुळं कायमची रुसू शकतात. ती म्हणाली, "माहितेय. तू तुझी फणी बघ, तुटलीय."

एक गोष्ट सांगू की नको, असं होतंय. बॉयकटमध्ये चालताना मागून येणाऱ्यांनी मला दोनदा पुरुष समजून हाक मारली. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा संध्याकाळ होती, मी एकटी होते, आणि वळून खुलासा करण्याऐवजी मी नुसता हात वर केला आणि चालत राहिले. त्या रात्री बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याचा रागही येत होता. केस कापण्याच्या फायद्यांमध्ये हा धरायचा की नाही, माझं अजून ठरलेलं नाही.

राग आणखी एका गोष्टीचा आहे, पण तो हलका. तीन महिने न कापलेली दाढी घेऊन पुरुष वाटेवरून परत येतो तेव्हा त्या दाढीचे फोटो निघतात. तेवढेच दिवस न धुतलेली वेणी घेऊन आपण आलो की "काय हा अवतार!" आणि परत आल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले की सगळे म्हणतात, बघ, ऊन लागलं. रोज पन्नास ते शंभर केस गळणं सगळ्यांचंच चालू असतं. त्याहून जास्त गळले ते महिनोन्‌महिने कमी खाऊन जास्त चालल्याचं उशिरा आलेलं बिल. माझं ते सहा महिन्यांत फिटलं. उन्हाचा दोष नव्हता.

यंदा पुन्हा निघायचं आहे, चार महिन्यांसाठी. केस पाठीच्या मध्यापर्यंत आलेत. काल पार्लरमध्ये गेले ती भरलेली सॅक घेऊनच गेले. खुर्चीत बसता येईना, म्हणून उभीच राहिले. छातीचा पट्टा लावला, बक्कल लावलं, मान डावी-उजवीकडे वळवून पाहिली. केस कापणारी मुलगी जरा बाजूला सरकून उभी राहिली. तिला बहुधा वाटलं, मी इथूनच निघतेय.

"किती घेऊ?" तिनं विचारलं.

"खांद्याखाली चार बोटं ठेव."

"माझी की तुमची?"

प्रश्न रास्त होता. तिची बोटं नाजूक होती. माझी चार बोटं लावून खूण केली, तिनं एक फेरी कापली. मग मी खिशातून लोकरीचे हातमोजे काढून चढवले, आरशाकडे पाठ केली आणि दोन वेण्या घालायला घेतल्या. डावी जमली. उजवी तिसऱ्या पेडाला सुटली. पुन्हा घातली, पुन्हा सुटली. शेजारच्या खुर्चीतल्या बाई डोक्याला रंग लावलेल्या अवस्थेत पुढे वाकून बघत होत्या. तिसऱ्यांदा कशीबशी टिकली, पण शेंडा इतका आखूड की रबरबँडचा दुसरा वेढा बसेना.

"आखूड झाले का हो?" मुलगी घाबरून म्हणाली.

"बोटभर. पण निघायला पाच आठवडे आहेत," मी म्हटलं आणि हातमोजे काढले. "उजवीकडचे अजून कापू नकोस."

"मग दोन्ही बाजू सारख्या नाही दिसणार!"

शेजारच्या बाई म्हणाल्या, "राहू दे गं तशाच. डोंगराला काय कळतंय?"

मुलीला ते पटलं नाही. तिनं उजवी बाजू पुन्हा पुन्हा विंचरली, लांबून पाहिली, आणि मी पैसे देऊन सॅकसकट दारातून आडवी बाहेर पडेपर्यंत कात्री हातातच धरून उभी होती.