बंद इंजिन आणि उणे सात

लेहला निघालो होतो. पुणे ते मनाली तीन दिवस गेले. लिहिण्यासारखं काहीच नाही. मनालीत तर दिवाळीच्या आठवड्यातला लक्ष्मी रोड बरा म्हणावा इतकी गर्दी. पहाटेच पळ काढला.

आता आमची खोड सांगतो. गाडी टर्बो-डिझेल, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, टर्बो, असलेली. त्यात मी ऑनलाइन मागवलेलं स्वस्तातलं ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाईलवर पाठवणारी डबी, लावलं होतं, आणि डॅशबोर्डवर मोबाईल चिकटवून त्यातल्या ॲपवर बूस्टचा, म्हणजे टर्बोने दिलेल्या जास्तीच्या दाबाचा, आकडा बघत बसायचो. खंबाटकीत गाडी दाबली की 20 पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) दिसायचं. ते 20 बघून जो आनंद व्हायचा, तो बायकोला आजवर समजलेला नाही.

अटल बोगदा संपला, केलाँग मागे पडलं आणि पहिल्या नीट चढावर आकडा 16 वर अडकला.

"दाजी, पाइप फुटला असेल," मेहुणा म्हणाला. बॉनेट उघडलं. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप चाचपले, क्लॅम्प आवळले. फुसफुस नाही, काळा धूर नाही. वाटेत एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने दोनदा रेस करायला लावली, डोळे मिटून ऐकलं आणि निदान केलं, "टर्बो बैठ रहा है." नवा टाकायचा तर चाळीस हजार, शिवाय गाडी टो करून मनालीला न्यायची. खरं सांगतो, मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मेहुण्यानेच दंडाला धरून गाडीत बसवलं.

मग बारालाचा ला या खिंडीचं सौंदर्य वगैरे मी पाहिलंच नाही. मी मोबाईल पाहत होतो. बारा. दहा. सरचूला तंबूत डोकं ठणकत होतं. तंबूवाल्याने न मागता गरम पाण्याची बाटली पांघरुणात सरकवली, तेवढीच त्या दिवसाची चांगली आठवण. भाडं मात्र पुण्यातल्या एसी खोलीचं घेतलं.

दुसऱ्या दिवशी तांगलांग ला. पाटीवर 17,582 फूट. वर पोचेपर्यंत, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून, आकडा 7. मी वैतागून इंजिन बंद केलं आणि पुन्हा नुसती किल्ली फिरवली, स्टार्ट न करता.

उणे सात.

इंजिन बंद आहे. टर्बो फिरत नाही. मग खेचतंय कोण?

तेवढ्यात मागे फट् झालं. मेहुण्याने चिवड्याचं पाकीट उघडलं होतं. पुण्यात सपाट असलेलं ते पाकीट वर येईस्तोवर उशीसारखं टम्म फुगलं होतं. निम्मे पोहे सीटवर, एक शेंगदाणा माझ्या कॉलरमध्ये. त्याच्यावर ओरडायला मागे वळलो आणि तसाच थांबलो. पाकिटात कोणी हवा भरली नव्हती. बाहेरची कमी झाली होती.

आणि ॲपला हे माहीतच नव्हतं! गाडीतला सेन्सर मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, पूर्ण दाब मोजतो, बाहेरच्या हवेसकट. ॲप त्यातून डोळे झाकून 14.7 वजा करतं, म्हणजे समुद्रसपाटीची हवा. तिथे वर हवाच 7.7 होती. इंजिन बंद असताना 7.7 वजा 14.7, झाले उणे सात. पुण्यात किल्ली फिरवली की उणे एकच्या आसपास दिसायचं, तेही याचमुळे. मी तो सेन्सरचा लहरीपणा समजत होतो.

मग थंडीत कुडकुडत टोल पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. खिंडीवर दिसलेले 7 म्हणजे, ॲपने वजा केलेले 14.7 परत मिळवून, मुळात 21.7, त्यातून खरी बाहेरची हवा वजा केली तर बूस्ट 14. साधा काट्याचा मीटर असता तर त्याने 14 च दाखवले असते, कारण तो चिवड्याच्या पाकिटासारखा आतबाहेरचा फरक तेवढा दाखवतो.

"म्हणजे टर्बो ठीक आहे," मी जाहीर केलं.

"मग गाडी चढत का नाही?"

हा मेहुणा कधीकधी अगदी बहिणीवर जातो. पण मुद्दा बरोबर होता. इंजिनाला शेवटी पूर्ण दाबच लागतो, आणि तो पुण्यात 34.7 होता, इथे 21.7. म्हणजे ताकद खरंच कमी झाली होती. पण पुढे आणखी एक भागाकार केला आणि लाजच वाटली. पुण्यात टर्बो बाहेरची हवा अडीच पट दाबत होता, तांगलांग लावर 2.8 पट. विरळ हवेत त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं. फार फिरून तुटू नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणकच, हात आखडता घेतो. बिचारा घरच्यापेक्षा जास्त राबत होता, आणि मी त्याला चाळीस हजारांत निकालात काढायला निघालो होतो.

टर्बोची उंचीवरची परीक्षा जुनीच आहे म्हणा. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस या इंजिनिअरने विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या डोंगरावर, 14,109 फुटांवर नेऊन चालवलं होतं. टर्बोशिवाय 230 अश्वशक्ती, टर्बोसह 356. तिथे बर्फात उभं राहून आकडे टिपणाऱ्यांबद्दल मला आता फार आपुलकी वाटते.

लेहला चार दिवस राहिलो. छान आहे. परतताना त्या गॅरेजवाल्याच्या दारावरून हॉर्न वाजवत गेलो, हे बायकोला आवडलं नाही.

ॲप मी काढलेलं नाही. किल्ली फिरवून बसल्या जागी उंची ओळखायचा खेळ मेहुण्याला लागलाय. परवा अलिबागला त्याने शून्य आणून दाखवलं. एसीच्या जाळीतून अजून अधूनमधून एखादा पोहा बाहेर येतो.