कमी चाललेली गाडी : इंदूरमधली तीन वर्षं

जानेवारी 2023 मध्ये मी पुण्याहून साडेसहाशे सीसीची, चार सिलिंडरची जपानी स्पोर्टबाईक घेतली. 2016 चं मॉडेल, एकाच मालकाची, मीटरवर फक्त 6,800 किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगतोय ते या वर्गातल्या कुठल्याही गाडीला लागू आहे. इतकी कमी चाललेली गाडी 3 लाख 40 हजारांत मिळतेय म्हटल्यावर मी दुसरी पाहिलीच नाही. त्या 6,800 च्या आकड्याने मला सगळ्यात जास्त खर्चात पाडलं.

पहिली शंका पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसबाहेरच आली. रेल्वेने गाडी पाठवायची तर टाकी रिकामी करावी लागते. बादलीत उतरवलेलं पेट्रोल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. वासही पेट्रोलचा नव्हता, जुन्या वॉर्निशसारखा होता, आणि बादलीच्या तळाशी गंजाचा बारीक चुरा बसला होता.

इंदूरला गाडी उतरवून घेतली आणि ज्या मिस्त्रींकडे नेली त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. ते आधी मागच्या टायरपाशी उकिडवे बसले आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे बोटाने पुसून मला दाखवले : 2316. म्हणजे 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. खाचा जवळजवळ नव्यासारख्या खोल, पण नख रुतत नव्हतं, रबर दगडासारखं झालं होतं. "भिया, ये चली हुई नहीं, रखी हुई गाड़ी है," एवढंच ते म्हणाले.

त्या वाक्याचा अर्थ मला पुढच्या तीन महिन्यांत कळत गेला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी बदलायचंच असतं. माझ्या गाडीतलं तपकिरी झालं होतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंटही जुनं झालं होतं. पुढच्या फोर्कची, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकअपच्या नळ्यांची, सीलं सुकून तेल झिरपत होतं. चेन वरून चकचकीत, पण हाताने वाकवली तर चार-पाच कड्या वाकतच नव्हत्या. बॅटरी गेलेली, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर त्या जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने तुंबलेले. फक्त टायरची जोडीच 29,500 रुपयांना पडली आणि सगळं मिळून 72,600. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक वही दिली आणि सांगितलं, पावती खिशात राहता कामा नये. आज हे आकडे लिहू शकतोय ते त्या वहीमुळे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. पुण्याच्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र, फॉर्म 28, आधी घ्या. ते हातात येईपर्यंत मूळ मालकाला पूर्ण पैसे देऊ नका. मध्य प्रदेशात कायम ठेवायची असेल तर इथला रोड टॅक्स पुन्हा भरून एमपी 09 चा नंबर घ्यावा लागतो. त्यानंतर महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सच्या उरलेल्या भागाचा परतावा मागता येतो. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, तो त्याचाच राहतो. मी तो हिशेबात धरला होता. 350 सीसीच्या वरच्या दुचाकीला नुसत्या थर्ड पार्टीचेच वर्षाला 2,804 रुपये पडतात, वर जीएसटी. स्वतःच्या नुकसानीचं धरून माझा विमा वर्षाला नऊ हजारांच्या आसपास जातो.

रोजचा खर्च मात्र भीती होती तितका नाही. लिटरला सरासरी 19 किलोमीटर मिळतात. इंदुरातल्या पलासियाच्या सिग्नलवर मे महिन्यात इंजिन थंड करणारा पंखा सुरू झाला की गुडघ्यांना भाजतं आणि सरासरी खाली येते, शहराबाहेर महेश्वरच्या वाटेला लागलो की पुन्हा चढते. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल मी टाकत नाही. गाडीच्या पुस्तिकेत 91 लिहिलंय आणि साध्या पेट्रोलचं ऑक्टेन त्याहून कमी नसतं. त्यापेक्षा हल्ली पेट्रोलमध्ये जे इथेनॉल असतं त्याकडे लक्ष द्या, तेही पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मी टाकी काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही.

या तीन वर्षांत वाटेत दगा एकदाच बसला. जून 2024, मानपूरच्या घाटाच्या अलीकडे मीटरचा दिवा मंदावला आणि गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी व्होल्टमीटर लावून दाखवलं : पाच हजार आरपीएमला चौदा व्होल्टच्या आसपास यायला हवेत, तिथे जेमतेम साडेबारा. बॅटरीकडे जाणारी वीज आवरून धरणारा रेग्युलेटर गेला होता. पण तो का गेला हे त्यांनी पुढे शोधलं, आणि यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. तीन पिवळ्या वायरींचा प्लग उघडला तर एका पिनेवर हिरवट गंज चढलेला आणि भोवतीचं प्लॅस्टिक करपून तपकिरी झालेलं. वर्षानुवर्षं उभं राहून पिन गंजली, गंजलेल्या जागी वायर तापत राहिली आणि शेवटी रेग्युलेटर गेला. नुसता रेग्युलेटर बदलून तोच प्लग लावला असता तर नवाही जळाला असता. 4,800 रुपये, नव्या प्लगसकट.

मला खरी धास्ती होती ती व्हॉल्व्ह तपासणीची, म्हणजे इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या तपासणीची. माझ्या पुस्तिकेत ती 24,000 किलोमीटरला आहे. सोळा व्हॉल्व्ह, अर्धी गाडी खोलायची. गाडी आवाज करत नाही म्हणून पुष्कळ जण हे काम टाळतात. पण या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यामधली बारीक फट सहसा वाढत नाही, कमी होत जाते, आणि फट कमी झालेला व्हॉल्व्ह वाजत नाही. तो उलट गप्प होतो, नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो. गेल्या महिन्यात मी दिवसभर तिथेच थांबलो. फट मोजायच्या फीलर गेजची पातळ पात एकेका व्हॉल्व्हच्या फटीत सरकवत मिस्त्री आकडे सांगत होते आणि मी बाबांच्या वहीत लिहीत होतो. सोळापैकी फक्त दोन, दोन्ही एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर सोडणारे, जरा आवळलेले, फट कमी झालेले निघाले. दोन शिम, म्हणजे फट ठरवणाऱ्या छोट्या चकत्या, बदलल्या. मजुरीसकट 11,000.

म्हणजे ज्या इंजिनाची एवढी धास्ती घेतली होती त्याने तीन वर्षांत दोन चकत्या मागितल्या. 17,300 किलोमीटरमध्ये पेट्रोल सुमारे 97 हजारांचं झालं, आणि टायर, विमा, सर्व्हिस, दुरुस्त्या मिळून 1 लाख 47 हजार. किलोमीटरला 14 रुपये पडले. त्या 1 लाख 47 हजारांतला जवळजवळ निम्मा भाग पहिल्या तीन महिन्यांतला, म्हणजे गाडी माझ्याकडे येण्याआधीच्या सात वर्षांच्या उभं राहण्याचा. पंधरा-वीस हजार किलोमीटर चाललेली, दरवर्षीच्या सर्व्हिसच्या पावत्या असलेली गाडी मी तेव्हा तीस हजार जास्त देऊन घेतली असती, तरी स्वस्त पडली असती.

मागचा टायर मध्ये एकदा बदलला, नऊ हजार किलोमीटर चालला. आत्ताचाही खाचांमधल्या झिजेच्या खुणेपर्यंत आलाय. साडेसोळा हजार बाजूला काढून ठेवलेत. दुकानदाराला सांगून ठेवलंय की टायर आधी खाली उतरवून दाखवा, चार आकडे वाचेन आणि मगच पैसे देईन.