गधेगाळीवरचा लेख वाचताना : माझा अनुभव

कोकणात देवळाच्या आवारात, शेताच्या बांधावर गधेगाळी, म्हणजे दानाचे कोरीव दगड, उभ्या असतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेखाची जागा, खाली गाढव आणि बाई. दिलेलं दान मोडणाऱ्याला घातलेली शिवीच ती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या परळच्या शिलाहारकालीन (शिलाहार हे कोकणातलं जुनं राजघराणं) लेखात ती शब्दांतही कोरली आहे. पण पुष्कळ गधेगाळींवर अक्षर नसतंच, त्यामुळे आधी लेख आहे का ते पाहायचं आणि असला तर तो छापून झालाय का ते तपासायचं. शं. गो. तुळपुळे यांचं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) आणि भारत इतिहास संशोधक मंडळाची त्रैमासिकं चाळल्याशिवाय मी दगडाला हात लावत नाही. स्मारक संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. नसेल तरी ग्रामपंचायत आणि पुजारी यांना विचारूनच पुढे जायचं.

पुष्कळ चुका वाचताना नव्हे, त्याच्या आधीच होतात. दगडावर खडू किंवा पीठ चोळून काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, ते वाचनाच्या दृष्टीने निरुपयोगी. खडू भरणाऱ्याने आधी स्वतःच्या मनात लेख वाचलेला असतो आणि आपल्याला त्याचंच वाचन दिसतं. शेंदूर खरवडू नये, खरवडताना अक्षराची कडही जाते. तारेचा ब्रश, साबण, ॲसिड वर्ज्य. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

दगड पूर्ण वाळला की फोटो. दिवस मावळल्यावर कॅमेरा स्टँडवर पक्का करायचा, शेजारी मोजपट्टी ठेवायची आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, १०-१५ अंशांत, चारही बाजूंनी फिरवायचा. कॅमेरा हलता कामा नये, हलतो तो फक्त प्रकाश. आपला बेसाल्ट सच्छिद्र असतो, त्यातलं भोक अनुस्वारासारखं किंवा शून्यासारखं दिसतं. कोरलेल्या खोलगटाची कड चारही प्रकाशांत सलग राहते. भोकाची सावली मात्र नुसतीच गोल फिरते.

मग ठसा, म्हणजे लेखाची कागदावर शाईने घेतलेली छाप. पातळ, चिवट हातकागद लेखापेक्षा चार बोटं मोठा कापून भिजवायचा, ओल्या दगडावर पसरायचा आणि ताठ केसांच्या ब्रशने मधून कडेकडे ठोकत हवा काढायची. खोल अक्षरावर कागद फाटला तर तिथे ओला तुकडा लावून पुन्हा ठोकायचं, नाहीतर त्या फटीतून शाई दगडावर उतरते. काजळी आणि डिंकाची शाई कापसाच्या गादीला लावून आधी रद्दीवर टिपायची. कागद दमट असतानाच हलक्या हाताने दोन-तीन थर द्यायचे. फार ओला असेल तर शाई पसरून अक्षरं बुजतात, फार सुकला तर कागद दगड सोडतो. दुपारचं ऊन आणि वारा, दोन्ही टाळावेत. खोलगट अक्षरं पांढरी राहतात, बाकी काळं. वाळल्यावर कागद वरच्या कोपऱ्यातून सावकाश सोडवायचा.

वाचायला बसल्यावर पहिली अडचण पडिमात्रेची. एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून आधी उभ्या रेघेत असते. नवखा ती मागच्या अक्षराचा काना समजतो आणि सगळा शब्दच बिघडतो. ‘च’-‘व’ आणि झिजलेले ‘स’-‘म’ सहज गोंधळवतात. ‘शक’ ऐवजी ‘सकु’ दिसलं तर दुरुस्त करायचं नाही, तसंच उतरवायचं. ‘स्वस्ति श्री’, मग शक, राजाची बिरुदं, अधिकारी, दान, सीमा, शेवटी शाप, असा क्रम बहुधा असतो. त्यामुळे पुसलेल्या ओळीत काय असावं याचा अंदाज येतो. अंदाज मात्र चौकटी कंसातच राहतो, आणि अजिबात न दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबं.

कालगणनेला संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, फार उपयोगी. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. शून्य उरलं तर साठावा. पंढरपूरच्या ‘चौऱ्याऐंशीच्या लेखा’त शके ११९५, श्रीमुख संवत्सर आहे : १२०७ ला भागून ७ उरतात, आणि सातवा संवत्सर श्रीमुखच. शके १५९६ करून पाहिलं तर ४८, म्हणजे शिवराज्याभिषेकाचा आनंद संवत्सर. एकाचा फरक पडला तर लगेच कोरणाऱ्याला दोष देऊ नये, गत शक (संपलेली वर्षं मोजलेला) की वर्तमान शक (चालू वर्ष धरलेला) ते आधी पाहावं. इसवी सनासाठी ७८ मिळवायचे. जानेवारीनंतरचे दिवस, म्हणजे ढोबळमानाने माघ-फाल्गुन, असतील तर ७९.

ठशाच्या मागे पेन्सिलीने गाव, जागा, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला, लेखाची लांबी-रुंदी आणि तारीख लिहितो, आणि घडी न घालता गुंडाळून नळीत ठेवतो. घडीची रेघ अक्षरावरून गेली की पुढे तीही वाचली जाते.