दोरी ओढली की नांगर उचलायचा

मागच्या गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. "भंगारवाला दारात आलाय. आजोबांचा नांगर देऊन टाकू का? चिंचेखाली नुसती जागा अडलीये." मी नाशिकच्या अंबडला माझ्या लोखंड कातायच्या लेथवर होतो. म्हटलं, मी येईपर्यंत त्याला हात लावू देऊ नको. मशीन बंद केलं आणि तसाच निफाडच्या रस्त्याला लागलो. पोचलो तेव्हा भंगारवाल्याने साखळी घालायला घेतली होती. त्याला चहा पाजून परत पाठवला.

नांगर दोन फाळांचा, ट्रॅक्टरमागे आकड्याला लावून ओढायचा. आजोबांनी तो एका जुन्या फोर्डसन ट्रॅक्टरबरोबर घेतला होता. ट्रॅक्टर मी शाळेत जायच्या आधीच गेला, नांगर राहिला. आताच्या पोरांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टरचा नांगर म्हणजे मागे तीन जागी पिनांनी अडकवलेला, लिव्हर ओढला की हायड्रॉलिकवर अलगद उचलला जाणारा. ती व्यवस्था हॅरी फर्ग्युसनची. तिच्यासह त्याचा ट्रॅक्टर १९३६ साली बाजारात आला. पण हायड्रॉलिक नसलेले ट्रॅक्टर त्यानंतरही कितीतरी वर्षं शेतात राबत होते. त्यांच्या मागे असले चाकांचे नांगर चालायचे, आणि बांधाशी आल्यावर एवढं जड धूड मातीबाहेर काढायचं काम नांगर स्वतःच करायचा.

ते कसं, हे मला चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गाभा, खोलल्यावर कळलं. पुढे दोन चाकं. उजवं चाक आधीच्या तासात, म्हणजे फाळाने पाडलेल्या चरात चालतं, डावं न नांगरलेल्या जमिनीवर. डाव्या चाकाच्या धावेवर लोखंडी कंगोरे आहेत, ते घसरू नये म्हणून. त्याच्या तुंब्यात आतून दात आहेत, शेजारी एक जाड थाळी आणि थाळीत एक खिटी. एरवी चाक मोकळं फिरतं. ड्रायव्हरने सीटवरून दोरीला हिसका दिला की थाळीच्या खाचेत बसलेला रोलर बाहेर निघतो, स्प्रिंग खिटीला दातांत ढकलते आणि चाक थाळीला आपल्याबरोबर फिरवायला लागतं. बरोबर अर्धा फेरा झाला की रोलर समोरच्या खाचेत पडतो आणि खिटी सुटते. तेवढ्या अर्ध्या फेऱ्यात थाळीला जोडलेल्या दांड्याने सगळी चौकट उचललेली असते. पुन्हा हिसका दिला की उरलेला अर्धा फेरा, आणि नांगर आपल्या वजनाने जमिनीत. ट्रॅक्टरकडून घ्यायचं ते फक्त पुढे चालणं. लेथवर माझी तीस वर्षं गेली, पण इतक्या कमी भागांत एवढं काम करून घेणारी रचना मी फार थोडी पाहिली.

दोन लिव्हर आहेत. डावा खोली ठरवतो, उजवा नांगर समतल ठेवतो. शेतातल्या पहिल्या फेऱ्यात उजव्या चाकाला उतरायला तासच नसतो, म्हणून तो लिव्हर तेव्हा वेगळा लावायचा आणि दुसऱ्या फेऱ्याला बदलायचा. प्रत्येक फाळाच्या पुढे माती उभी चिरणारी गोल चकती. पुढच्या आकड्यात एक लाकडी खुंटी असते. फाळ दगडाला अडला तर आधी खुंटी तुटायची आणि नांगर वाचायचा. आजोबा बाभळीच्या खुंट्या तासून टूलबॉक्समध्ये ठेवायचे, असं नाना सांगतात. नाना म्हणजे माझे चुलते. हा नांगर चालवलेलं घरात आता ते एकटेच आहेत.

त्याआधी आमच्याकडे बैलांचा लोखंडी नांगर होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तसे नांगर बनवायला घेतले तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी ते घ्यायला तयार नव्हते. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि गावोगाव तेच नांगर झाले. पण आमच्या काळ्या रानातलं कुंदा-हरळीचं तण मुळापासून काढायचं तर त्याला दोन-तीन बैलजोड्या लागायच्या. मी एकदा हिशेब मांडला. आठ इंची तासाने एक एकर नांगरायचं तर बैलांमागे जवळजवळ वीस किलोमीटर चालावं लागतं. बारा-बारा इंचाच्या दोन फाळांना तेवढ्यासाठी साडेसहा किलोमीटरच्या वर थोडं, आणि तेही ट्रॅक्टरच्या सीटवर बसून. माझ्या आजोबांच्या पायांचे ते वीस किलोमीटर या लोखंडाने वाचवले, दर एकराला. ते किलोच्या भावात कसं देऊ?

दुरुस्तीला सहा रविवार गेले. तुंब्यातलं ग्रीस दगड झालं होतं, डिझेलमध्ये चार दिवस भिजवलं तेव्हा सुटलं. रोलर एका बाजूने झिजून चपटा झाला होता. तो लेथवर नवा कातून, पाणी देऊन कडक करून आणला. स्प्रिंग तुटलेली होती, मापावर करून घेतली. फाळांची टोकं गावच्या लोहाराकडून पाजवून घेतली.

हरभऱ्याचं रान रिकामं झालं होतं, तिथे भावाच्या ट्रॅक्टरला नांगर जोडला. माती सुंदर पालथी पडत होती, चकचकीत, ओली काळी कड वर येत होती. बांधाशी आलो, मी दोरी ओढली. काहीच नाही. चाक फिरायच्या ऐवजी घसरत गेलं आणि नांगर रुतलेलाच. भावाने थांबून रिव्हर्स टाकायला घेतला तसे नाना बांधावरून ओरडले, "मागं घेऊ नको रे! दांडी वाकंल." हा नांगर मागे घेता येत नाही आणि उभ्या ट्रॅक्टरवर उचलताही येत नाही. दोरीने तो वर येणार तो चाक पुढे फिरेल तेव्हाच.

नाना काठी टेकत आले, वाकून आकडा पाहिला. आकड्याच्या पट्टीला एकाखाली एक पाच भोकं आहेत. मी पिन सगळ्यात खालच्या भोकात घातली होती. "ओढ खालून लागली की पुढची चाकं हलकी पडत्यात. चाकावर वजनच नाही तर ते नांगराला उचलंल कसं? दोन भोकं वर घे. लई वर नको, मग मागचा फाळ उचलतो."

पिन बदलली. हळूहळू पुढे जात खोलीच्या लिव्हरनेच फाळ वर घेतले, ट्रॅक्टर वळवला आणि नवीन तास धरला. पलीकडच्या बांधाशी येताना नाना नांगराच्या बाजूने चालत होते, एक हात पुढे करून. मी दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी हिसका दिला नाही, नुसती मनगटाने ओढली आणि लगेच सोडली. खट असा आवाज आला, चाकाने नांगर धरला आणि दोन्ही फाळ माती गाळत वर आले.

"सोडायची लगेच," नाना म्हणाले. "धरून ठेवली तर रोलर खाचेत बसत नाही. नांगर वर येऊन परत खाली पडतो."

कोपरे राहिले. या नांगराला वळायला जागा लागते, चारी कोपऱ्यांत तुकडे सुटतातच. नानांनी कुदळ आणायला सांगितली.