मिग मशीनची वायर अडली: गोठ्याच्या फाटकाचं काम, पुढचा टप्पा

फाटकाची चौकट मे महिन्यातच टाके मारून उभी केली होती. मग पाऊस लागला आणि काम राहिलं. दसरा झाल्यावर शेड उघडली, मिग मशीन (ट्रिगर दाबला की वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंगचं मशीन) चालू केलं, ट्रिगर दाबला. मोटर फिरते, रोलर फिरतो, पण वायर जागची हलत नाही. मशीन घरगुती, तांब्याचा मुलामा असलेली ०.८ मिलिमीटरची वायर, सीओटू गॅस, ३ मीटरची टॉर्च (वायर जिच्यातून बाहेर येते ती केबल आणि मूठ).

पहिल्या संध्याकाळी मी रोलरवरचा दाबाचा नट आवळत गेलो. वायर चार इंच आली आणि थांबली. आणखी आवळला, तर रोलरच्या पुढे वायरचा एवढा गुंता झाला की पक्कडीने तोडून तोडून काढावा लागला. त्यातला एक तुकडा व्हर्नियरमध्ये धरला. एकीकडून ०.७४ भरला, दुसरीकडून ०.८६. रोलरने वायर चेपली होती, अंगावर दातासारखे ओरखडे होते आणि खाली ट्रेमध्ये तांबूस भुकटी पडली होती. अशी चेपलेली वायर टिपच्या, म्हणजे टॉर्चच्या टोकाच्या बारीक नळीच्या, भोकात सरळ जाणारच नाही. म्हणजे अडथळा दुसरीकडेच होता आणि नट आवळून मी त्यात भर घालत होतो. मंडळी, वायर अडली की नटाला सगळ्यात शेवटी हात लावा.

दुसऱ्या दिवशी टोकापासून मागे मागे तपासत आलो. आधी नॉझल आणि टिप काढली, टॉर्च जमिनीवर सरळ पसरली आणि ट्रिगर दाबला. (वायरमध्ये करंट असतो, त्यामुळे अर्थचा चिमटा लांब ठेवा आणि टॉर्च तोंडासमोर धरू नका.) टिप काढल्यावर वायर सुटली असती, तर दोष टिपचाच ठरला असता. नाही सुटली. मग मशीन बंद केलं, वरचा रोलर उचलला आणि वायर हाताने मागे ओढली. जड लागली, शेवटच्या वीतभर अंतरात तर अडकलीच.

लायनर (केबलच्या आतली, वायर जिच्यातून सरकते ती तारेची नळी) बाहेर काढला, वर्तमानपत्रावर आपटला. तपकिरी गंज आणि तांब्याचे कपचे मिळून चमचाभर कचरा निघाला. चार महिने स्पूल (वायरचं रीळ) मशीनमध्येच राहिलं होतं. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात कुलपंसुद्धा गंजतात, वायर कशी वाचेल? वरचे वेढे गंजले होते, तो गंज खरवडून लायनरमध्ये साचत गेला. शिवाय टॉर्च खिळ्याला टांगायची सवय, त्यामुळे मुठीजवळ लायनर मुडपला होता. गंज कॉम्प्रेसरच्या हवेने निघतो, मुडप निघत नाही. ०.८ वायरसाठीचा निळा लायनर नवीन आणला.

लायनर कापताना टॉर्चची केबल अगदी सरळ ठेवा, नाहीतर माप चुकतं. कापलेल्या टोकाची तारेची कुसळं बारीक कानशीने घासून काढा, वायर तिथेच अडते. घासून झाल्यावर मी वायरचा तुकडा आत घालून बोटांनी फिरवून पाहिला. कुठे खरखर लागली नाही.

एक चूक जुनीच निघाली: रोलर उलटा बसवलेला होता, १.० ची खाच वापरात. ०.८ ची वायर तिच्यात खाली बसते आणि घसरते. वायर खाचेच्या काठापेक्षा किंचित वर दिसायला हवी. रोलर उलटवला. चेपलेली आणि गंजलेली सगळी वायर कापून टाकली, चकचकीत वायर लागेपर्यंत. तेल लावायचा मोह झाला होता, पण तेल टाक्यात जाऊन छिद्रं पडतात, म्हणून नाही लावलं.

आता नट. पूर्ण ढिला केला आणि पाव पाव फेरा आवळत आलो. हातमोजा घालून वायर लाकडी फळीवर तिरकी टेकवली. ती वाकून वळत राहिली पाहिजे आणि जोराने रोखली तर रोलर घसरला पाहिजे. स्पूलचा ब्रेकही पाहिला. ट्रिगर सोडल्यावर स्पूल लगेच थांबावं, पण फिरताना जड नसावं.

नवी टिप लावली आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पहिला टाका मारला. आवाज सलग, तव्यावर भजी तळल्यासारखा. चारही कोपरे झाले. स्पूल काढून, वायरचं टोक कडेच्या भोकात अडकवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह पिठाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलंय. टोक अडकवायला विसरू नका, नाहीतर सगळे वेढे उसळून सुटतात. बिजागऱ्या आणि कडी राहिली आहे, ती येत्या रविवारी.