जुन्या दस्तातली इंग्रजी

गिरगाव-भुलेश्वरकडच्या जुन्या इमारतींचे दस्त वाचताना फसवतात ते ओळखीचे शब्द. ‘मेसुएज’ दिसला की माणूस निदान शब्दकोश तरी उघडतो: राहतं घर, लगतच्या बांधकामासकट आणि आवारासकट. पण ‘डिमाइज’? मृत्यू हा अर्थ डोक्यात पक्का बसलेला. दस्तात मात्र तो भाडेपट्ट्याने देणं. ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ म्हणजे पट्ट्याने दिलेली मिळकत, विकलेली नव्हे. ‘डिटरमाइन’चंही तेच. पट्ट्याच्या संदर्भात ठरवणं नाही, संपणं किंवा संपवणं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम १११ ‘डिटरमिनेशन ऑफ लीज’चंच आहे, पट्टा कोणकोणत्या प्रकारे संपतो ते त्यात दिलंय.

दस्त विक्रीचा की पट्ट्याचा, हे ताडायला आधी ‘टू हॅव अँड टू होल्ड’ने सुरू होणारा मजकूर शोधा. पुढे ‘फॉर एव्हर’ असेल तर बहुधा विक्री. ‘फॉर द टर्म ऑफ’ आणि वर्षं असतील तर पट्टा. जुन्या मसुद्यांत विरामचिन्हं जवळजवळ नसतात (लिहिणाऱ्यांना श्वास लागत नसावा), म्हणून झेरॉक्सवर पेन्सिलीने क्रियापदं अधोरेखित करत जा. मूळ कागदाला हात लावू नका.

‘मॉयटी’ म्हणजे निम्मा हिस्सा. ‘हेरेडिटामेंट’ म्हणजे वारसाहक्काने जाऊ शकणारी मिळकत. क्षेत्रफळ चौरस वारात असेल तर ०.८३६१ने गुणा, चौरस मीटर मिळतील.